बाळंतपण घरी करायचे ठरले, तरी सोनोग्राफी करावी का?

सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांपासून शहरातल्या फ्लॅटपर्यंत काही घरांत हा प्रश्न आजही विचारला जातो. सोनोग्राफी काय दाखवते, काय दाखवत नाही आणि रिपोर्ट हातात आल्यावर काय करायचे, हे सविस्तर.

समजा, शिरपूर किंवा चोपडा तालुक्यातला एक पाडा आहे. तिथल्या एका घरात तिसऱ्यांदा पाळणा हलणार आहे. आधीची दोन्ही मुले घरीच, दाईच्या हातावर झाली. सासूबाईंचे म्हणणे सरळ आहे, "दोन झाली ना नीट? मग तिसऱ्याला पोटाचा फोटो कशाला?" नवरा हिशेब मांडतो. तालुक्याला जायचे म्हणजे दोघांची दिवसाची मजुरी बुडणार, वर गाडीभाडे. आशाताई सांगते, "बाळंतपण कुठे करायचे ते नंतर बघू. आधी एकदा सोनोग्राफी करून या." सून सगळ्यांचे ऐकून घेते आणि शेवटी विचारते, "रिपोर्ट चांगला आला, तर घरीच होऊ द्याल ना?"

सगळा पेच या शेवटच्या प्रश्नात आहे. सोनोग्राफी करावी का, याचे उत्तर 'हो' असेच आहे. पण 'रिपोर्ट चांगला म्हणजे घरी बाळंत व्हायला हरकत नाही' हा अर्थ त्यातून निघत नाही. कोणी घरी थांबता कामा नये, हे सोनोग्राफी बऱ्याचदा सांगू शकते. कोणी घरी थांबले तर चालेल, हे ती सांगू शकत नाही. हा फरक घरातल्या सगळ्यांना कळला, तर पुढचे निर्णय सोपे होतात.

घरी बाळंतपण अजून कुठे होते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात किंवा रुग्णालयात झाली. म्हणजे शंभरातली साधारण पाच अजून घरी, शेतात किंवा वाटेत होतात. ही पाच राज्यभर सारखी विखुरलेली नाहीत. डोंगराळ आदिवासी भागात आणि कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांत त्यांचे प्रमाण जास्त आहे.

खान्देशात हे चित्र ओळखीचे आहे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा जिल्हा झाला आणि अक्कलकुवा, धडगावचा दुर्गम भाग धुळे जिल्ह्यातून निघाला. तरी शिरपूर आणि साक्री तालुक्यांत आदिवासी पट्टा आहेच. जळगाव जिल्ह्यात चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांच्या उत्तरेला सातपुड्याच्या कुशीत पावरा, बारेला, भिल्ल, तडवी समाजाच्या वस्त्या आहेत. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की पाड्यावरून खाली उतरणे अवघड होते. दिवाळीनंतर बरीच कुटुंबे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात. गरोदरपणाचे मधले महिने कोपीत जातात आणि बाळंतपण जिथे असतील तिथे होते.

शहरांतले कारण वेगळे असते. राज्यात साधारण प्रत्येक चौथे बाळंतपण सिझेरियनने होते. त्या धास्तीने काही जोडपी 'नैसर्गिक' बाळंतपणाचा विचार करतात, व्हिडिओ बघतात आणि घरीच करायचे ठरवतात. तमिळनाडूतल्या तिरुपूर येथे जुलै २०१८ मध्ये यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून घरी केलेल्या बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन एका महिलेचा मृत्यू झाला होता. ती बातमी देशभर गाजली.

परदेशातली उदाहरणे देतानाही एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. नेदरलँड्स किंवा इंग्लंडमध्ये ठरवून घरी बाळंतपण होते, तेव्हा प्रशिक्षित मिडवाइफ औषधे आणि साधने घेऊन घरी येते आणि रुग्णालयाशी तिचा संपर्क ठरलेला असतो. भारतात केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वे आणली. मात्र ही सेवा रुग्णालयाशी जोडलेल्या केंद्रांतून देण्याची आहे. घरी येऊन बाळंतपण करणारी तशी सरकारी व्यवस्था आपल्याकडे नाही. त्यामुळे आपल्याकडचे 'घरचे बाळंतपण' आणि तिकडचे 'घरचे बाळंतपण' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सोनोग्राफी काय दाखवते?

घरी बाळंतपणाचा विचार करणाऱ्या कुटुंबासाठी पाच गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, वार कुठे आहे. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, तर कळा सुरू होताच किंवा त्याआधीही जोरदार रक्तस्राव होऊ शकतो. अनेकदा पोटात दुखतही नाही, थेट रक्तच जाऊ लागते. अशा बाळंतपणाला शस्त्रक्रिया लागते. हे बाहेरून पोट तपासून कळत नाही. कितीही अनुभवी दाई असली, तरी तिच्या बोटांना वार लागत नाही.

दुसरी, बाळ एक आहे की दोन. जुळ्यांत पहिले बाळ सुखरूप आले, तरी दुसरे आडवे असू शकते. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवण्यासाठी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या वापरतात. पोटात दुसरे बाळ असताना त्या दिल्या, तर गर्भाशय फाटण्याचा आणि बाळ दगावण्याचा धोका असतो. जुळे आहे हे आधी माहीत असणे म्हणूनच जिवाशी जोडलेले आहे.

तिसरी, दिवस नेमके किती. पाळीची तारीख लक्षात नसेल किंवा पाळी अनियमित असेल, तर महिन्यांचा हिशेब चुकतो. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत तारखेचा अंदाज साधारण आठवडाभराच्या फरकाने बरोबर येतो. शेवटच्या महिन्यांत हाच फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. कळा सुरू झाल्या तेव्हा नववा महिना पूर्ण झाला आहे की आठवाच चालू आहे, यावर बाळाला रुग्णालयाची गरज लागेल का, हे ठरते.

चौथी, बाळात गंभीर व्यंग आहे का. हृदयाचे काही मोठे दोष, कवटी न बनणे, पाठीच्या कण्याचे दोष, पोटाची भिंत उघडी राहणे अशा काही गोष्टी १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत दिसू शकतात. यांतल्या काही बाळांना जन्मल्याबरोबर मोठ्या रुग्णालयातले उपचार मिळाले, तर ती वाचतात.

पाचवी, शेवटच्या महिन्यात बाळ कसे आहे. डोके खाली आहे, पायाळू आहे की आडवे, हे नर्सताई हाताने तपासूनही सांगू शकते. शंका आली तर सोनोग्राफी खात्री करते. पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांपैकी तीन-चार पायाळू असतात.

काय दाखवत नाही?

घरच्यांच्या मनात इथेच घोळ होतो. बाळंतपणात बाईच्या जिवावर बेतणारे मोठे धोके सोनोग्राफीत दिसत नाहीत.

सर्वांत मोठा धोका बाळ झाल्यानंतरच्या रक्तस्रावाचा. वार जागेवर होती, बाळ एकच होते, डोके खाली होते, रिपोर्ट अगदी साधा होता, तरीही गर्भाशय नीट आकुंचन पावले नाही तर रक्त थांबत नाही. हे आधी कोणत्याही मशीनवर दिसत नाही. अशा वेळी काही तासांत इंजेक्शन, सलाइन आणि रक्त मिळाले नाही, तर बाई हातची जाते.

रक्तदाब अचानक वाढून येणारे झटके रक्तदाब आणि लघवीच्या तपासणीतून ओळखता येतात. रक्त किती आहे, हे हिमोग्लोबिन सांगते. राज्यातल्या जवळपास निम्म्या गरोदर महिलांना रक्ताची कमतरता आहे. अशा बाईला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल समाजांत सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. तेही रक्ताच्या तपासणीतच कळते, आणि सिकलसेल असलेल्या बाईचे बाळंतपण जोखमीचे असते.

कळा अडणे, नाळ आधी बाहेर येणे, बाळाने जन्मल्यावर श्वास न घेणे, यांचीही खात्रीची पूर्वसूचना सोनोग्राफी देत नाही. 'नॉर्मल' रिपोर्टचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी, त्या मशीनवर, पाहिलेल्या गोष्टींत दोष आढळला नाही.

संशोधन काय म्हणते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या शिफारशींत प्रत्येक गरोदर महिलेला २४ आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी सुचवली. दिवस नेमके कळावेत, जुळे आणि व्यंग लक्षात यावेत, हा हेतू. म्हणजे एक तरी सोनोग्राफी ही आता जगभर मान्य झालेली किमान गरज आहे.

पण फक्त सोनोग्राफी केल्याने जीव वाचतात का? अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, कमी जोखमीच्या महिलांची सरसकट सोनोग्राफी केल्याने बाळांच्या प्रकृतीत लक्षणीय फरक दिसला नाही. २०१८ मध्ये पाकिस्तान, केनिया, झांबिया, काँगो आणि ग्वाटेमाला या पाच देशांतल्या ग्रामीण भागातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे आरोग्य केंद्रांत सोनोग्राफीची सोय केली गेली. तरीही माता आणि बालमृत्यू कमी झाले नाहीत.

हे वाचून कोणी म्हणेल, मग करायची कशाला? नीट पाहिले तर यातून वेगळी गोष्ट कळते. मशीन धोका दाखवते. उपचार रुग्णालयात होतात. धोका दिसल्यावर बाई वेळेत चांगल्या रुग्णालयात पोहोचलीच नाही, तर रिपोर्टचा कागद काही करू शकत नाही. सातपुड्यातल्या पाड्यालाही हे तितकेच लागू आहे.

इंग्लंडमधला २०११ चा 'बर्थप्लेस' अभ्यासही बोलका आहे. तो फक्त कमी जोखमीच्या, तपासण्या झालेल्या महिलांचा होता आणि सोबत प्रशिक्षित मिडवाइफ होत्या. तरीही पहिलटकरणींपैकी ज्यांनी घरी बाळंतपण ठरवले, त्यांतल्या सुमारे ४५ टक्क्यांना कळा सुरू असताना किंवा बाळंतपणानंतर लगेच रुग्णालयात हलवावे लागले. आधी बाळंत झालेल्यांत हे प्रमाण सुमारे १२ टक्के होते. पहिलटकरणींच्या बाळांना धोकाही घरी जास्त आढळला. जिथे रुग्णवाहिका काही मिनिटांत दारात येते, तिथले हे आकडे आहेत.

कधी करावी?

एकदाच करणे शक्य असेल, तर १८ ते २० आठवडे, म्हणजे पाचवा महिना, ही सर्वांत उपयोगी वेळ. दिवसांचा अंदाज, जुळे, वार आणि व्यंग अशा चारही गोष्टी त्या वेळी एकत्र पाहता येतात.

दोनदा शक्य असेल, तर पहिली ११ ते १४ आठवड्यांत आणि दुसरी १८ ते २० आठवड्यांत.

पाचव्या महिन्यात 'वार खाली आहे' असा रिपोर्ट आला, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. गर्भाशय वाढते तशी बहुतेक महिलांची वार वर सरकते. पण ती सरकली का, हे ३२ ते ३६ आठवड्यांत पुन्हा पाहावेच लागते. आधी सिझेरियन झालेले असेल आणि आता वार खाली असेल, तर हे प्रकरण मोठ्या रुग्णालयाचेच. त्यात चर्चेला जागा नाही.

वेळेला कायद्याचाही संबंध आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपात कायद्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. गर्भात गंभीर व्यंग असेल, तर त्यानंतरही वैद्यकीय मंडळाच्या मंजुरीने परवानगी मिळू शकते. व्यंग उशिरा कळले, तर कुटुंबाच्या हातातले पर्याय आणि वेळ दोन्ही कमी होतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाने निघण्यापूर्वी महिना मोजावा. पाचवा महिना फडावर येणार असेल, तर तिथल्या जवळच्या सरकारी रुग्णालयाचे नाव आशाताईकडून आधीच विचारून घ्यावे आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे.

मशीन घरी का येत नाही?

आज मोबाइलला जोडता येतील एवढी लहान सोनोग्राफी यंत्रे आहेत. मग ती पाड्यावर का आणता येत नाहीत? उत्तर गर्भलिंग निदानविरोधी कायद्यात आहे.

गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये मंजूर झाला, १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. २०१२ च्या नियमांनुसार हलवता येणारे यंत्र फक्त नोंदणीकृत रुग्णालयात दाखल रुग्णांसाठी किंवा इतर आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येते. 'घरी येऊन सोनोग्राफी करून देतो' असे कोणी म्हणत असेल, तर ते बेकायदा आहे.

हा कडकपणा उगाच आलेला नाही. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४ होता. ज्या यंत्राने आईचा जीव वाचवायचा, त्याच यंत्राने जिल्ह्यात मुली कमी केल्या. त्यामुळे आजही अनेक घरांत सोनोग्राफी म्हटले की दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात. कोणी 'काय आहे ते कळेल का?' असे विचारते, तर कोणी 'पोलिसांची भानगड नको' म्हणून जायचेच टाळते.

दोन्ही चुकीचे आहे. सोनोग्राफी केंद्रात 'एफ' फॉर्म भरला जातो. त्यात नाव, पत्ता, आधीची मुले किती, त्यांत मुलगे किती आणि मुली किती, तपासणी कोणत्या कारणासाठी, हे लिहितात. गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही, असे जाहीर करून महिला सही किंवा अंगठा देते. मुलामुलींची संख्या विचारली म्हणजे संशय घेतला असे नाही. तो प्रत्येकीच्या फॉर्मचा भाग आहे. दिवस मोजणे, जुळे आहे का, वार कुठे आहे, व्यंग आहे का, ही सगळी कायद्याने मान्य केलेली कारणे आहेत. सोबत ओळखपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली की अडचण येत नाही.

गुन्हा लिंग विचारणे आणि सांगणे हा आहे. शब्दाने, खुणेने किंवा इतर कोणत्याही प्रकारे सांगणाऱ्या डॉक्टरला पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तपासणी करवून घेणाऱ्या नातेवाइकांना तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. उलट सिद्ध होत नाही तोवर गरोदर महिलेवर घरच्यांनी दबाव आणला, असे कायदा मानतो.

बाळाला त्रास होतो का?

सोनोग्राफी म्हणजे एक्स-रे नव्हे. त्यात किरणोत्सर्ग नसतो. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी वापरतात. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये या तंत्राचा गर्भारपणातला उपयोग मांडला. तेव्हापासून गरजेपुरत्या केलेल्या सोनोग्राफीने बाळाला इजा झाल्याचा पुरावा पुढे आलेला नाही. मात्र कारण नसताना पुन्हा पुन्हा करण्याचीही गरज नाही. दर महिन्याला सोनोग्राफी सांगितली जात असेल, तर 'या वेळी काय पाहायचे आहे?' असे विचारण्याचा हक्क प्रत्येकीला आहे.

खर्च किती, सोय कुठे?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत २०११ पासून सरकारी रुग्णालयांत गरोदर महिलेची तपासणी, औषधे, गरज पडल्यास रक्त, सिझेरियन आणि घर ते रुग्णालय प्रवास मोफत आहे. सोनोग्राफीही त्यात येते. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या महिलांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी कार्डावर स्टिकर लावतात. हिरवा म्हणजे जोखीम आढळली नाही, लाल म्हणजे जास्त जोखीम. हिरव्या स्टिकरचाही अर्थ वर सांगितला तेवढाच, 'आजपर्यंत जोखीम आढळली नाही'.

प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा सोनोग्राफी यंत्र नसते. त्यासाठी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावे लागते. चोपडा आणि शिरपूरला उपजिल्हा रुग्णालये आहेत. गुंतागुंतीसाठी जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही मोठी ठिकाणे. जाण्यापूर्वी सोनोग्राफीचा दिवस आणि वेळ आशाताईमार्फत विचारून घेतली, तर हेलपाटा आणि मजुरी वाचते.

रिपोर्ट आल्यावर काय करायचे?

सोनोग्राफीला जाण्याआधीच घरात एक बोलणे व्हायला हवे: कोणता रिपोर्ट आला तर आपण काय करणार? रिपोर्ट काहीही आला तरी घरीच करायचे असेल, तर तपासणीला अर्थ उरत नाही.

• वार गर्भाशयाच्या तोंडावर: घरचे बाळंतपण रद्द. शेवटच्या महिन्यात रुग्णालयाजवळ राहायला जाणे उत्तम. थोडेही रक्त गेले, तरी लगेच निघायचे.

• जुळे: घरचे बाळंतपण रद्द. जुळी बाळे बऱ्याचदा वेळेआधी येतात, म्हणून सातव्या महिन्यापासून तयारी.

• बाळ पायाळू किंवा आडवे: ३६ आठवड्यांनंतरही तसेच असेल, तर बाळंतपण शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात. आडव्या बाळाचे बाळंतपण घरी होऊच शकत नाही.

• बाळाची वाढ कमी, पाणी कमी किंवा जास्त: डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासणी, बाळंतपण रुग्णालयात.

• व्यंगाची शंका: वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे मत. एका रिपोर्टवर निर्णय घेऊ नये.

• सगळे ठीक: आता बाकीच्या तपासण्या पाहायच्या. हिमोग्लोबिन, रक्तदाब, लघवी, रक्तगट, साखर, सिकलसेल, आधीच्या बाळंतपणात रक्तस्राव किंवा सिझेरियन झाले होते का. यांतले एकही बिघडलेले असेल, तर सोनोग्राफी चांगली असूनही घर ही योग्य जागा नाही. पहिलटकरणीचे बाळंतपणही घरी नकोच.

आणखी एक खान्देशी अडचण आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. सोनोग्राफी सासरच्या तालुक्यात होते, सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते आणि कागद सासरच्या कपाटात राहतात. माहेरच्या दवाखान्यात ऐनवेळी डॉक्टरांना काहीच माहीत नसते. रिपोर्ट आणि कार्ड मुलीच्या पिशवीत असावेत, आणि मोबाइलमध्ये त्यांचा फोटोही.

सोनोग्राफी करायचीच नसेल तर?

कोणताही कायदा गरोदर महिलेला सोनोग्राफीची सक्ती करत नाही. ती नको म्हणाली म्हणून बाकीच्या तपासण्या, लस, गोळ्या किंवा रुग्णालयातले बाळंतपण कोणी नाकारू शकत नाही. पण मग एक गोष्ट मान्य करावी लागते. वार खाली नाही आणि बाळ एकच आहे, हे आपल्याला माहीत नाही. माहीत नसताना पाड्यावर थांबणे, हा दोन जिवांचा जुगार होतो. म्हणून सोनोग्राफी झाली नसेल, तर रुग्णालयात बाळंत होण्याचे कारण आणखी बळकट होते.

काही झाले तरी बाळंतपण घरीच झाले, तर चार गोष्टी विसरू नयेत. बाळ आणि आईची त्याच दिवशी नर्सताईकडून तपासणी. बाळाला २४ तासांत जन्माच्या लसी. आशाताईच्या ४२ दिवसांतल्या सात गृहभेटी. आणि २१ दिवसांत ग्रामपंचायतीत जन्माची नोंद. घरी जन्मलेल्या बाळाची नोंद करणे ही कुटुंबप्रमुखाची जबाबदारी आहे.

मग त्या सुनेला काय सांगायचे?

"रिपोर्ट चांगला आला, तर घरीच होऊ द्याल ना?" या तिच्या प्रश्नामागे भीती असते. रुग्णालयात एकटे पडण्याची, कोणी ओरडण्याची, उगाच पोट फाडले जाण्याची, घरची लेकरे मागे राहण्याची. ती भीती खोटी नाही. तिला 'अडाणी' म्हणून गप्प बसवले, तर ती पुढच्या वेळी सोनोग्राफीलाही जाणार नाही. दाईला सोबत रुग्णालयात नेता येईल का, लेकरे कोणाकडे राहतील, तिची भाषा बोलणारे कोणी तिथे आहे का, या प्रश्नांची उत्तरे शोधली, तर तिचे पाऊल सहज उचलले जाते.

महाराष्ट्रात २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले. देशात हा आकडा फार थोड्या राज्यांत याहून कमी होता. राज्य इथवर आले ते तपासणी, रस्ता, रुग्णवाहिका, रक्त आणि डॉक्टर या सगळ्यांमुळे. सोनोग्राफी ही त्यातली एक कडी आहे.

म्हणून पाचव्या महिन्यात तालुक्याला जाऊन सोनोग्राफी करावी, आणि परत आल्यावर त्याच संध्याकाळी घरात बसून कार्डाच्या मागे चार ओळी लिहाव्यात. कोणत्या रुग्णालयात जायचे. १०२ किंवा १०८ ची गाडी पाड्यापर्यंत येते की रस्त्यापर्यंत चालत जावे लागते. रात्री नाल्याला पाणी असेल, तर कोणाची जीप. आणि रक्त लागले, तर कोण देणार. या चार ओळी लिहून झाल्या, की सोनोग्राफीच्या रिपोर्टचा उपयोग सुरू होतो.